विधिमंडळाचे दार आणि दाराबाहेरची माणसे

इ. स. १८४२ च्या मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेस लंडन शहरातून एक अजब मिरवणूक निघाली होती. मिरवणुकीच्या अग्रभागी पालखी नव्हती, राजा नव्हता, देवही नव्हता. होता तो कागदाचा एक अगडबंब गठ्ठा. लाकडी चौकटीवर ठेवलेला तो गठ्ठा कामकरी माणसे आळीपाळीने खांदा देऊन वाहत होती. तो होता पार्लमेंटास करावयाचा अर्ज. सनदवादी, म्हणजे चार्टिस्ट म्हणून जे कामगार इतिहासात ओळखले जातात, त्यांचा हा अर्ज. त्यावर तेहतीस लाखांहून अधिक सह्या होत्या आणि कागदाला कागद जोडून त्याची लांबी सहा मैलांच्या वर गेली होती. मागण्या सहाच होत्या : प्रत्येक प्रौढ पुरुषास मत असावे, मतदान गुप्त असावे, निवडून येण्यास मालमत्तेची अट नसावी, सभासदांना वेतन मिळावे, मतदारसंघ सारखे असावेत आणि पार्लमेंटाची निवडणूक दरसाल व्हावी.

मिरवणूक कॉमन्स सभेच्या दाराशी पोचली आणि तेथे अडली. अर्ज दारातून आत जाईना. दाराची चौकट काढून पाहिली, तरीही जाईना. शेवटी अर्जाचे तुकडे करून ते आत नेऊन सभागृहाच्या जमिनीवर रचावे लागले. अर्जदारांच्या प्रतिनिधींस आत बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, असा ठराव मग सभेपुढे आला. ठरावाच्या बाजूने ४९ मते पडली, विरुद्ध २८७. अर्ज आत गेला, माणसे बाहेर राहिली.

या प्रसंगापासून आरंभ करण्याचे कारण असे की, विधिमंडळांचा इतिहास सामान्यतः आतल्या माणसांचा म्हणून सांगितला जातो. कोणत्या पंतप्रधानाने कोणते भाषण केले, कोणत्या पक्षाने कोणास पाडले, हा त्याचा मजकूर. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा जन्म गेट मीटिंगा घेण्यात गेला. कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून बोलावयाचे आणि आत काय ठरते आहे याचा अंदाज बाहेरून घ्यावयाचा, ही आम्हांला लागलेली सवय. म्हणून विधिमंडळाचा इतिहासही आम्ही आज दारापासूनच पाहणार आहोत. हे दार प्रथम का लागले, कोणी ढकलले, कितपत उघडले आणि अजून ते किती उघडावयाचे राहिले आहे, एवढाच आमचा विषय. त्यातही विशेषेकरून दोन प्रकारच्या माणसांसाठी ते उघडावे असे आम्हांस सुचवावयाचे आहे : ज्यांना मत नुकतेच मिळाले किंवा उद्या मिळणार आहे अशी तरुण मुले, आणि ज्यांनी आयुष्यभर मत दिले पण सभागृह डोळ्यांनी पाहिले नाही अशी म्हातारी माणसे.

दार प्रथम लागले ते जनतेच्या भीतीने नव्हे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. इंग्लंडात राजा बलिष्ठ होता त्या काळी सभासदाने राजाविरुद्ध काढलेला शब्द बाहेर गेला तर सभासदाचे डोके जाण्याची धास्ती होती. म्हणून सभेने स्वतःला कोंडून घेतले. पण राजाचे भय सरले तरी कडी निघाली नाही. १७३८ साली कॉमन्स सभेने ठराव केला की, सभेतील वादविवाद छापणे हा सभेच्या विशेषाधिकाराचा भंग होय. ज्यांच्या नावाने कायदे करावयाचे त्यांनीच ते कसे झाले हे वाचू नये, असा त्याचा सरळ अर्थ होता. वृत्तपत्रांनी पळवाटा काढल्या. डॉ. जॉन्सनसारख्या विद्वानाने पुढे एका मासिकात पार्लमेंटातले वाद ‘लिलिपुट’ नावाच्या कल्पित देशातले वाद म्हणून लिहिले. लंडनचा वाचक ते वाचताना कोणता लिलिपुट ते उमजून असे.

१७७१ साली प्रकरण हातघाईवर आले. वाद छापणाऱ्या मुद्रकांस पकडण्याचा हुकूम सभेने काढला. लंडन नगरीच्या न्यायाधिकाऱ्यांनी त्या मुद्रकांस सोडून दिले. त्याबद्दल खुद्द लंडनचे महापौर ब्रास क्रॉस्बी यांस सभेने टॉवरच्या तुरुंगात घातले. पण रस्त्यावर लोक एवढे जमले आणि एवढे खवळले की, त्यानंतर मुद्रकांच्या वाटेस जाण्याचे सभेने टाळले. जुना ठराव कागदावर तसाच राहिला, व्यवहारात मात्र मेला. आज ‘हॅन्सार्ड’ या नावाने जी इतिवृत्ते जगभर ओळखली जातात त्यांचा उगम १८०३ सालचा. पार्लमेंटाची जुनी इमारत १८३४ साली जळाली, आणि नंतर ज्या तात्पुरत्या सभागृहात सभा भरू लागली तेथे बातमीदारांकरिता वेगळा सज्जा ठेवण्यात आला. ऐकण्याचा हक्क मिळाला तो असा, मुद्रकांनी झगडून आणि महापौर तुरुंगात जाऊन. सभेने तो आपण होऊन दिला नाही.

पाहण्याचा हक्क त्याहून सावकाश आला. सभासद नसलेल्या कोणाही माणसास कॉमन्स सभेत शतकानुशतके ‘परका’ असेच म्हणत. ‘परके दिसताहेत’ असे एखाद्या सभासदाने ओरडावे आणि सज्जा रिकामा करावा, अशी चाल होती. आपल्याच घरात परके ठरण्याचा हा मान मतदारांस अलीकडेपर्यंत होता. एकविसावे शतक उजाडल्यानंतर ती सभा ‘परका’ हा शब्द टाकून ‘जनता’ म्हणू लागली. आमच्या लोकसभेच्या कामकाजाच्या नियमावलीतही प्रेक्षकांच्या प्रवेशाचे नियम ज्या इंग्रजी शब्दाने लिहिले गेले, तो हाच ‘परका’ शब्द होता. इंग्रज गेला, त्याचा शब्द आमच्या वहीत राहिला.

स्त्रियांची कथा तर आणखी निराळी. १७७८ पासून त्यांना कॉमन्सच्या सज्जातून बाहेर काढले. पुढे काही स्त्रिया छताच्या पोटमाळ्यावर जाऊन, दिव्यांचा धूर वर जाण्यासाठी जो झरोका असे त्याच्याभोवती बसून खालची भाषणे ऐकत. नवी इमारत झाली तेव्हा त्यांना सज्जा मिळाला, पण त्याच्यापुढे धातूची जड जाळी बसविलेली. आतून खालचे अर्धवट दिसे, खालून आतले कोणीच दिसत नसे. २८ ऑक्टोबर १९०८ रोजी म्यूरिएल मॅटर्स आणि हेलन फॉक्स या दोघींनी स्वतःला साखळदंडाने त्या जाळीशी जखडून घेतले आणि मताचा हक्क मागणारी भाषणे वरून सुरू केली. कुलपे निघेनात, तेव्हा शिपायांनी जाळीच उपटली आणि जाळीसकट दोघींना बाहेर नेले. १९१७ साली सभेने ती जाळी कायमची काढून टाकली, आणि १९१८ साली तीस वर्षांवरील, ठराविक पात्रता असणाऱ्या स्त्रियांस मत मिळाले. जाळी निघाली म्हणून मत मिळाले असे आम्ही म्हणत नाही. महायुद्ध आणि स्त्रियांचा दीर्घ लढा ही त्याची मोठी कारणे. परंतु या दोन गोष्टी लागोपाठच्या दोन वर्षांत घडल्या हा निव्वळ योगायोगही नव्हे. ज्याला दार बंद, त्याला मतही बंद, असाच सर्वत्र अनुभव आहे.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबई इलाख्याचे कायदे कौन्सिल १८६१ च्या कायद्याने निर्माण झाले, आणि त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलात भरली. सभासद सरकारने नेमलेले आणि भाषा इंग्रजी. नाना शंकरशेट यांच्यासारखा थोर पुरुष त्यात होता, पण रयतेला आत काय चालते ते कळण्याचा मार्ग नव्हता. १९०१ साली जमीनमहसुलाच्या कायद्यात शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्काला बाध आणणारी दुरुस्ती सरकारने आणली. तेव्हा फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृती सभासद विरोध करून सभागृहातून उठून बाहेर पडले. कायदा व्हायचा तो झालाच. तथापि, ज्यांच्यासाठी आपण बोलतो ते बाहेर आहेत आणि आपणही प्रसंगी बाहेर यावे लागते, ही जाणीव त्या सभात्यागाने प्रथम ठळकपणे करून दिली.

कामगारांपुरते बोलावयाचे तर १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात नारायण मल्हार जोशी यांनी ठराव मांडला की, कामगार संघटनांची नोंदणी व त्यांना संरक्षण यांसाठी कायदा करावा. ना. म. जोशी हे निवडून आलेले नव्हते. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांस नेमले होते, कारण कामगाराला मतच नव्हते. त्यांच्या ठरावापासून कायदा होईपर्यंत पाच वर्षे गेली. पुढे कित्येक दशके कोणतीही युनियन ज्या कायद्याच्या आधाराने नोंदली जाई तो १९२६ चा कायदा हाच. लाखो गिरणीकामगारांचा हक्क एका नेमलेल्या सभासदाच्या आवाजावर पाच वर्षे लोंबकळत राहिला, हे आमच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगितले की ते चकित होतात.

तीन वर्षांनी त्याच मंडळाच्या प्रेक्षक सज्जात एक घटना घडली. ती आपणा सर्वांस ठाऊक आहे, पण तिचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षक सज्जातून सभागृहात बाँब टाकले व पत्रके भिरकावली. त्या दिवशी आत कोणते काम चालू होते ? संपावर बंधने घालणारे औद्योगिक तंट्यांचे विधेयक नुकतेच मंजूर झाले होते, आणि सार्वजनिक सुरक्षेच्या विधेयकावर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल आपला निर्णय द्यावयास उभे राहत होते. त्याआधी तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २० मार्च रोजी मीरतच्या खटल्यासाठी देशभरातील तीसएक कामगार पुढाऱ्यांना सरकारने पकडले होते. त्यांत मुंबईचे डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर होते. म्हणजे ज्या कामगारांविषयी आत कायदा होत होता त्यांचे बोलके पुढारी तुरुंगात होते, आणि सज्जात बसणाऱ्याला तोंड उघडण्याची मुभा नव्हती. बाँबचा मार्ग आमचा नाही. आमचा मार्ग संघटनेचा. परंतु माणसाला पाहू द्यावयाचे आणि बोलू मुळीच द्यावयाचे नाही, या व्यवस्थेत स्फोटाचे बीज असते, हे त्या दिवशी दिल्लीस दिसले.

१९३८ साली मुंबईच्या विधानसभेत औद्योगिक तंट्यांचे दुसरे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहात त्याला कडवा विरोध केला, आणि संपाचा हक्क म्हणजे आपली मेहनत आपल्या अटींवर देण्याच्या स्वातंत्र्याचेच दुसरे नाव होय, या आशयाची मांडणी केली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. आतले भाषण आणि बाहेरचा संप यांचा असा मेळ आमच्या प्रांताच्या इतिहासात क्वचितच पडला. विधेयक संमत झाले हे खरे. पण आत काय बोलले गेले ते बाहेरच्या कामगाराला कळले, आणि बाहेर काय चालले ते आत ऐकू गेले.

स्वातंत्र्य आले तेव्हा दार काही काळ सताड उघडे होते. घटना समितीत मसुद्यावर विचार चालू होता त्या काळात त्रेपन्न हजार प्रेक्षकांना सज्जात प्रवेश देण्यात आला, असे डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी समितीचा समारोप करताना सांगितले. ज्या देशात लिहितावाचता येणारे मूठभर, त्या देशात एवढी माणसे घटना घडताना पाहून गेली. हा आकडा प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहावा असा आहे.

पुढे काय झाले ? लोकशाही वाढली, मतदार वाढले, सज्जा तेवढाच राहिला. आणि दारापुढचे कठडे वाढत गेले. कठडे वाढण्यास कारणे होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर सशस्त्र हल्ला झाला आणि आपले रक्षक व कर्मचारी प्राणास मुकले. बरोबर बावीस वर्षांनी, त्याच तारखेस, २०२३ साली दोन तरुण लोकसभेच्या प्रेक्षक सज्जातून खाली उडी मारून धूर सोडत बाकांवरून धावले, आणि त्यानंतर काही काळ प्रेक्षकांचे प्रवेश थांबले. पण या दोन घटनांबरोबर आम्हांला एक तिसरीही सांगितली पाहिजे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी बांधवांचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही मागणी. विधानभवनाच्या वाटेवर त्यांना अडविण्यात आले. आतून कोणी तरी येईल, आपले निवेदन घेईल, म्हणून ती माणसे दिवसभर थांबली. संध्याकाळी गोंधळ उडाला, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. झीरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. विधिमंडळाची सुरक्षितता हा विषय निघाला की आम्ही आधी या ११४ जणांची आठवण काढतो. आतल्यांना बाहेरच्यांपासून जपावे लागते हे खरे, पण बाहेरची माणसे दाराशी ताटकळून मरतात हेही तितकेच खरे आहे.

सज्जात बसून काय मिळते याचाही अनुभव सांगतो. एकदा आम्ही निवृत्त कामगारांची एक तुकडी घेऊन अधिवेशन पाहावयास गेलो होतो. एका सभासदाच्या शिफारशीने प्रवेशपत्रे मिळाली. पिशव्या बाहेर, मोबाइल बाहेर, पानसुपारी बाहेर. टाळी नाही, खूण नाही, पायावर पाय टाकून बसावयाचे नाही. आमची माणसे इतकी शिस्तीत बसली की देवळातही बसत नाहीत. खाली अर्धी बाके रिकामी होती. एक सभासद कागद वाचीत होता, दुसरा डुलकी घेत होता, मग दहा मिनिटे कल्लोळ झाला आणि कामकाज तहकूब. बाहेर आल्यावर एका म्हाताऱ्या जॉबरने विचारले, “यात कायदा केव्हा झाला ?” वास्तविक त्या दहा मिनिटांत दोन विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली होती. त्याने ती पाहिली, पण पाहून त्याला उमगले नाही. वाचन पहिले, वाचन दुसरे, खंडवार विचार, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, गणपूर्ती हे शब्द ज्याला कोणी शिकविले नाहीत त्याला सज्जा म्हणजे मुक्याचा तमाशा. दूरदर्शनवर अधिवेशन दिसू लागले त्यानेही यात फार फरक पडला नाही. घरोघर सज्जा झाला एवढेच.

उलट, हाच जॉबर आमच्या युनियनच्या सर्वसाधारण सभेत उपसूचना मांडण्यात कोणाला हार जात नसे. हिशेबनिसाला तो घाम फोडी. ते त्याला पुस्तकाने शिकविले नव्हते. सभेत बसून, बोलून, हरून तो शिकला होता. पोहणे काठावर बसून येत नाही, आणि सभेचे काम सज्जात बसून येत नाही. म्हणूनच ऐकणे आणि पाहणे यांच्यापुढची तिसरी पायरी आम्हांस महत्त्वाची वाटते. ती म्हणजे प्रत्यक्ष सभागृहाच्या बाकावर बसणे.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे १९३६ साली ‘वायएमसीए’ या संस्थेच्या क्लेमंट ड्युरन नावाच्या कार्यकर्त्याने शाळकरी मुलांची विधिमंडळे भरविण्यास सुरुवात केली. मुलांनी विधेयके लिहावयाची, राज्याच्या विधानभवनात जाऊन मांडावयाची, समित्यांत झगडावयाचे आणि मते घ्यावयाची. मंदीचे दिवस होते, युरोपात हुकूमशहा माजले होते, आणि लोकशाही आपोआप टिकत नाही याची धास्ती विचारी माणसांना वाटत होती. तो उपक्रम पुढे अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत पसरला.

म्हाताऱ्यांचा विचार व्हावयास आणखी काळ गेला. १९७३ साली मिझुरी राज्यात ‘रुपेरी केसांचे विधिमंडळ’ स्थापन झाले. नाव गमतीचे, काम गंभीर. साठ वर्षांवरील माणसे आपल्या भागांतून प्रतिनिधी निवडतात, ते प्रतिनिधी राजधानीत एकत्र येऊन वृद्धांसंबंधीचे ठराव तयार करतात, त्यांवर वाद करतात, आणि त्यांतले मोजके अग्रक्रमाचे निवडून खऱ्या विधिमंडळाकडे पाठपुरावा करतात. टेक्सस, फ्लॉरिडा वगैरे राज्यांनी हाच कित्ता गिरविला. इंग्लंडात जॅक जोन्स नावाच्या कामगार पुढाऱ्याने निवृत्त झाल्यावर १९७९ साली पेन्शनरांची राष्ट्रीय परिषद उभारली. हा स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढून जखमी झालेला माणूस. निवृत्ती म्हणजे आरामखुर्ची हे त्याला मान्य नव्हते. त्या परिषदेची ‘पेन्शनरांची संसद’ ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी भरू लागली. तिला वेस्टमिन्स्टरचे छप्पर नव्हते, पण बाणा तोच होता.

वेस्टमिन्स्टरचे छप्पर मिळाले ते मुलांना. मे २००८ मध्ये लॉर्ड्स सभेच्या सभागृहात युवक संसदेची बैठक झाली. नंतर कॉमन्स सभेत हा प्रश्न आला तेव्हा काही सभासदांनी निकराचा विरोध केला. लोकांनी निवडून दिल्याशिवाय या हिरव्या बाकावर बसण्याचा अधिकार कोणालाही नाही, अशी त्यांची भूमिका. शेवटी मतदान झाले, परवानगी मिळाली, आणि ३० ऑक्टोबर २००९ रोजी अकरा ते अठरा वर्षांची मुले त्या बाकांवर बसली. सभापती स्वतः अध्यक्षस्थानी होते. १८४२ साली ज्या सभेने प्रौढ कामगारांच्या प्रतिनिधींस दोन शब्द बोलावयास आत घेतले नाही, त्या सभेने मत नसलेल्या मुलांस आपली आसने दिली. मध्ये एकशे सदुसष्ट वर्षे गेली होती.

आता आपल्याकडे. पक्षप्रतोदांची चौथी अखिल भारतीय परिषद १९६२ साली मुंबईत भरली होती. शाळांतून युवक संसद भरवावी अशी शिफारस तिने केली, आणि १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांतून ती योजना सुरू झाली. म्हणजे मुहूर्तमेढ आमच्या मुंबईत रोवली गेली. परंतु ही संसद भरे शाळेच्या दिवाणखान्यात, बाक शाळेचे, घंटा शाळेची. विधिमंडळाची खरी दारे अलीकडे उघडू लागली. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय युवा संसद महोत्सवाची अंतिम फेरी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात झाली. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी राजस्थान विधानसभेत बालसत्र भरले. २१ जुलै २०२२ रोजी गुजरातच्या विधानसभेत विद्यार्थ्यांनी एक दिवसाचे अधिवेशन चालविले. १२ जून २०२३ रोजी सिमल्यास हिमाचल विधानसभेत मुले बसली. आमच्या महाराष्ट्रात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या शाखेतर्फे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा संसदीय अभ्यासवर्ग वर्षानुवर्षे भरत आला आहे. ही परंपरा चांगली आहे. पण तेथे मुख्यतः सभासदांनी बोलावयाचे आणि विद्यार्थ्यांनी ऐकावयाचे. आणि तो वर्ग राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा. आयटीआयमधला पोरगा, साखर कारखान्याच्या गावातली मुलगी, निवृत्त कंडक्टर, अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई, यांनी कोठे जावयाचे ?

यावर तीन आक्षेप येतात. पहिला पावित्र्याचा : निवडून न आलेल्याने त्या आसनावर बसू नये. आम्ही म्हणतो, आसनाचे पावित्र्य वर बसणाऱ्याच्या वागण्याने राहते. सज्जातून आम्ही जे कल्लोळ पाहिले त्यांनी जर ते आसन बाटले नसेल, तर शाळकरी पोरीच्या उपसूचनेने बाटणार नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खरा आहे, पण सभागृह बंद असते त्या दिवशी, नावनिशीवार निवडलेल्या माणसांना आत घेणे हे अधिवेशनाच्या गर्दीत सज्जा भरण्यापेक्षा पुष्कळच सोपे आहे. तिसरा आक्षेप आमच्याच गोटातून येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे : हा निव्वळ देखावा होईल, मुलांना पढविलेली भाषणे म्हणावयास लावतील, मंत्री फोटो काढून घेतील आणि काम संपले. हे भय खोटे नाही. असे देखावे झाले आहेत. त्याला उपाय एकच. काय बोलावयाचे ते वरून ठरता कामा नये. विषय त्या माणसांनी निवडावेत, विरोधी मत मांडण्याची मुभा असावी, आणि झालेले ठराव कपाटात न जाता विधिमंडळाच्या पटलावर ठेवले जावेत, आणि सरकारने त्यांवर लेखी उत्तर द्यावे.

यात आमचा स्वार्थ काय, असे कोणी विचारील. आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कामगारांसंबंधीच्या तीन मोठ्या संहिता दोन दिवसांत संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मंजूर झाल्या. साथीचे दिवस होते. अंतर राखण्यासाठी सभासदांनाच सज्जात बसविले होते, त्यामुळे जनतेस प्रवेश नव्हता. विरोधी बाकांवर बहिष्कार होता. तीस-चाळीस वर्षांच्या लढ्यांनी मिळविलेले आणि गमावलेले हक्क ज्या कायद्यांत होते ते असे बदलले. आम्ही त्या वेळी गेट मीटिंगमध्ये हे सांगितले तेव्हा तरुण कामगारांचा प्रश्न होता, “मग आपण काय करायला हवे होते ?” विधेयक समितीकडे कसे जाते, हरकती कोठे पाठवावयाच्या, सभासदाला उपसूचना कशी द्यावयाची, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा दोष नाही. त्यांना ते कोणी शिकविले नव्हते. आणि ज्यांना ठाऊक होते ती म्हातारी माणसे, १९९५ च्या पेन्शन योजनेत २०१४ साली ठरलेल्या किमान एक हजार रुपयांचा महिना कसा काढावा याच्या चिंतेत घरी बसली होती.

संविधानिक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, या आशयाचे बोल बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत ऐकविले होते. जोपासना म्हणजे भाषण नव्हे, सराव. अठराव्या वर्षी मत मिळते, विधानसभेत बसावयास पंचवीस वर्षे पुरी व्हावी लागतात, विधान परिषदेत तीस. मधली सात किंवा बारा वर्षे या तरुणाने नागरिकत्वाचा सराव कोठे करावयाचा, याचे उत्तर आमच्या व्यवस्थेत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आणि मोजकी आहे. आमच्या विधानसभेत २८८ आसने आहेत, विधान परिषदेत ७८. नागपूरचे विधानभवन हिवाळी अधिवेशनाचे थोडे आठवडे गजबजते. एरवी त्यातली सभागृहे रिकामीच असतात. वर्षातून दोन दिवस ती उघडावीत. विधानसभेच्या बाकांवर प्रत्येक मतदारसंघातून एक याप्रमाणे २८८ तरुण-तरुणी बसवाव्यात, निम्म्या कॉलेजांतल्या, निम्म्या कामावरच्या. विधान परिषदेला आपण वरिष्ठ सभागृह म्हणतोच, तेव्हा तेथे साठीच्या पुढची ७८ माणसे बसवावीत. एकाच विधेयकावर दोन्ही सभागृहांत वाद व्हावा. तरुणांनी घाई करावी, म्हाताऱ्यांनी हरकत घ्यावी, आणि कागद इकडून तिकडे जाताना दोघांनाही कळावे की कायदा हा कसा रखडतो आणि कसा घडतो. खर्च प्रवासाचा आणि दोन वेळच्या जेवणाचा.

हे सरकार आपण होऊन करील असा आमचा भ्रम नाही. मुद्रकांनी ढकलल्यावाचून सज्जा उघडला नाही, बायकांनी जखडून घेतल्यावाचून जाळी निघाली नाही. हे दारही ढकलावेच लागेल. त्याला साखळ्या नकोत, बाँब नकोत. शाळांच्या मुख्याध्यापकांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी, युनियनांनी आणि अशा व्याख्यानमालांच्या चालकांनी एकेक ठराव करून आपापल्या आमदाराच्या हाती द्यावा, एवढे पुरे. आजच्या सभेपुढे तसा ठराव आम्ही अध्यक्षांच्या अनुज्ञेने मांडत आहोत. त्यावर उपसूचना असल्यास त्या अवश्य याव्यात.